चूक वर्गातच व्हावी

इन्सुलिनच्या कुपीवर ‘४०’ किंवा ‘१००’ असा आकडा छापलेला असतो. एका मिलिलिटरात औषधाची किती एकके आहेत, हे तो सांगतो. आपल्या देशात दोन्ही प्रकार वापरात असून प्रत्येकाची सिरिंज निराळी असते. चाळीसच्या सिरिंजचे टोपण तांबडे, शंभराच्या सिरिंजचे नारिंगी. शंभराच्या कुपीतील औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या अंगात वीस नव्हे, पन्नास एकके जातात. हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे. परंतु रात्रपाळीच्या धावपळीत तो चुकला, तर रक्तातील साखर एकाएकी उतरून रुग्ण बेशुद्ध होतो, प्रसंगी दगावतोही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. हाड मोडले म्हणून किंवा बाळंतपणासाठी दाखल झालेल्यांतही मधुमेही असतात. तेव्हा ही परिचर्या एखाद्या खास विभागापुरती राहिलेली नाही. ती प्रत्येक परिचारिकेच्या नित्यकर्माचा भाग झाली आहे.

रुग्णालयात रुग्णांची वाण नसताना खोट्या रुग्णावर शिकण्याचे कारण काय, असा आक्षेप घेतला जातो. तो वरवर बिनतोड वाटतो. परंतु साखर उतरण्याचा प्रसंग अभ्यासक्रमाचे वेळापत्रक पाहून येत नाही. आणि आलाच, तर अनुभवी परिचारिका विद्यार्थिनीला बाजूला सारून स्वतः पुढे होते. तसे करणे योग्यच होय. परिणाम मात्र असा की, विद्यार्थिनीची त्या प्रसंगाशी पहिली खरी गाठ पडते ती नोकरीत, आणि कित्येकदा ती एकटी असताना.

ही उणीव प्रतिरूप-प्रशिक्षण, अर्थात सिम्युलेशन, भरून काढू शकते. अमेरिकेतील परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रात्यक्षिकाचे निम्म्यापर्यंत तास अशा प्रशिक्षणाला दिले तरी विद्यार्थ्यांचे ज्ञान व कौशल्य उणे ठरले नाही. अट एवढीच की, शिक्षक त्यासाठी तयार केलेले असावेत आणि प्रत्येक प्रसंगानंतर चुकांची मोकळी चर्चा व्हावी.

नेमकी हीच अट आपल्याकडे विसरली जाण्याचा धोका आहे. यंत्रखरेदीला अनुदान मिळते, तिचे उद्घाटन होते, तपासणीत ती दाखविता येते; शिक्षकाचे तास मात्र ताळेबंदात केवळ खर्च म्हणून दिसतात. मग महागडा पुतळा कपाटात आणि विद्यार्थिनी पाठांतरात, अशी वाटणी होते. वस्तुतः संत्रे, रिकाम्या कुपी, दोन्ही प्रकारच्या सिरिंजा, साधे पाणी आणि घाम फुटलेल्या, असंबद्ध बोलणाऱ्या रुग्णाची भूमिका करणारी एखादी सहाध्यायिनी एवढ्यावरही बरेच शिकविता येते. दुर्मिळ आहे तो पंधरा-पंधरा विद्यार्थिनींना पुरेसा वेळ देणारा शिक्षक. पैसा प्रथम त्याच्यावर खर्चावयास हवा.

शिकताना चुका होणारच. त्यांची किंमत कोणी मोजावयाची, एवढाच प्रश्न आहे. वर्गात ती दोन रुपयांच्या पाण्यात फिटते. कक्षात ती रुग्णाकडून, त्याची संमती न घेता, वसूल केली जाते.