पोलिसी बंदुकीची साक्ष

पोलिसांच्या जुन्या बंदुका जमवणे हा इंग्लंड-अमेरिकेत प्रतिष्ठेचा छंद मानला जातो. आपल्याकडे जुनी बंदूक म्हटली की ती एक तर संस्थानिकांच्या दिवाणखान्यात असते, नाही तर भंगारात. हवालदाराच्या खांद्यावरच्या बंदुकीला संग्रहालयात जागा नाही. ती मिळावी, आणि भिवंडीत आधी मिळावी, असे मला वाटते.

कार्बाइन ही मुळात घोडेस्वारांसाठी घडवलेली आखूड नळीची बंदूक. पुढे ती पोलिसांकडे आली. पण कशी आली, हे पाहण्यासारखे आहे. नळीच्या आतल्या पेचदार खाचांमुळे गोळी गिरक्या घेत लांबवर आणि नेमकी जाते. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींना दिलेल्या बंदुकांत या खाचाच ठेवल्या नाहीत. तोफखाना तर जवळजवळ सगळा गोऱ्यांच्या ताब्यात गेला. पोलिसांच्या बाबतीतही तेच धोरण. ली-एनफिल्ड रायफलीपासून बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात पोलिसांसाठी ‘.४१०’ची मस्केट तयार झाली. नळी गुळगुळीत, गोळ्यांच्या पेटीच्या जागी लाकडाचा ठोकळा, एका वेळी एकच काडतूस. सरकारने शिपायाला बंदूक दिली, विश्वास दिला नाही.

स्वातंत्र्यानंतरही ही हत्यारे अनेक वर्षे पोलिसांच्या खांद्यावर राहिली. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत स्वयंचलित रायफलींसमोर आपले पोलीस जुन्या ‘.३०३’ रायफली आणि लाठ्या घेऊन उभे राहिले. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर ‘.३०३’ला समारंभपूर्वक निरोप दिला तो थेट २०२०च्या प्रजासत्ताकदिनी. कालबाह्य हत्यारे निकालात निघालीच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांच्याबरोबर त्यांचा इतिहासही भट्टीत घालण्याबद्दल.

हौशी माणसाने हे काम करावे, तर कायद्याची वाट अरुंद आहे. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराणवस्तूला १९५९चा शस्त्र कायदा सूट देतो. चालू शकणाऱ्या बंदुकीला मात्र परवाना लागतो. हे योग्यच आहे. तेव्हा हा संग्रह सार्वजनिकच असला पाहिजे. नेपाळचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातल्या स्नायडर आणि मार्टिनी बंदुका २००३च्या सुमारास अमेरिकी व्यापाऱ्यांनी घाऊक विकत घेतल्या. आता त्या तिथल्या शौकिनांकडे आहेत.

मग भिवंडीच का? कारण पोलिसाच्या बंदुकीचा अर्थ या यंत्रमागांच्या गावाने जितका भोगला, तितका फार थोड्या गावांनी भोगला असेल. मे १९७०ची दंगल, तिच्यावरचा न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल आणि त्यातले पोलिसांवरचे ताशेरे, पुन्हा १९८४, आणि जुलै २००६मध्ये गोळीबारात दोन नागरिक ठार, त्याच रात्री जमावाकडून दोन पोलिसांची हत्या. बंदुकीच्या दोन्ही बाजूंना माणसेच होती.

पण याच गावाने दुसरा धडाही दिला. १९८८नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस एका सतरंजीवर बसू लागले. १९९२-९३मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. जो विश्वास इंग्रजांनी बंदुकीतून काढून घेतला होता, तो या समित्यांनी बंदुकीवाचून मिळवला.

जखमांवरची खपली कशाला काढायची, असे काही जण म्हणतील. शस्त्राचे उदात्तीकरण होईल, अशी शंकाही येईल. नुसती चकचकीत बंदूक काचेच्या पेटीत ठेवली तर ते होईलच. म्हणून माझी मागणी बंदुकीपुरती नाही. कायमची निकामी केलेली एक पोलिसी मस्केट गावातल्या वाचनालयात ठेवावी. ती कोणत्या ठाण्याला, केव्हा मिळाली आणि कधी झाडली गेली, याच्या ज्या नोंदी हाती लागतील त्या शेजारी असाव्यात. मादन अहवाल असावा. आणि मोहल्ला समित्यांच्या बैठकांची कागदपत्रे असावीत.

लोखंड कपाटात शंभर वर्षे टिकते. कागदाला वाळवी लागते. त्या बैठकांना बसलेली माणसेही आता थकली आहेत. बंदुकीला थोडे थांबता येईल. आधी त्यांच्या घरचे कागद गोळा करायला हवेत.