दुसरी नव्हे, पहिलीच कारकीर्द

शफीक सय्यद हे नाव वर्तमानपत्रांत अधूनमधून उगवतं. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे!’ (१९८८) मधला चायपाव तो. बातमीचा साचा ठरलेला: राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला बालकलाकार बेंगळुरूत रिक्षा चालवतो. पुढे सुस्कारा. रिक्षा चालवून संसार करणारे या देशात लाखो आहेत, त्यांच्याकडे पाहून कुणी सुस्कारे टाकत नाही. मग हा सुस्कारा कशाचा? मुलगा कॅमेऱ्यासमोरून हलला, याचाच ना?

या साच्याची दुसरी बाजू कौतुकाची. सारिका यांना ‘हे राम’च्या वेशभूषेसाठी आणि पुढे ‘परझानिया’तल्या अभिनयासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. हनी इराणी ‘लम्हे’, ‘डर’च्या लेखिका झाल्या. यावर लिहिणारे हटकून लिहितात की, त्यांनी स्वतःला नव्याने घडवलं. माझं भांडण या ‘नव्याने’शी आहे. आधी त्यांनी स्वतःला कधी घडवलं होतं?

‘हमराज’ (१९६७) आला तेव्हा सारिका शाळेच्या वयाची होती. त्या वयाचं मूल करारावर सही करत नाही, मोबदला ठरवत नाही, भूमिका नाकारत नाही. डेझी इराणी तर मुलगी असून पडद्यावर कितीदा तरी मुलगा असायची. तिचे केस किती ठेवायचे हेसुद्धा मोठ्यांच्या हातात. श्रेयनामावलीत मुलांच्या नावाआधी ‘बेबी’ नाहीतर ‘मास्टर’ लागायचं. मास्टर म्हणजे मालक! कशाचा मालक, ते विचारायची सोय नव्हती. अशा कामाला मेहनत म्हणा, मजुरी म्हणा, प्रतिभासुद्धा म्हणा. कारकीर्द म्हणू नका, कारण कारकीर्द माणूस निवडतो. वेशभूषा सारिकांनी निवडली, लेखन हनी इराणींनी निवडलं. ती त्यांची दुसरी नव्हे, पहिलीच कारकीर्द.

यावर सचिन पिळगांवकरांचं नाव पुढे केलं जाईल. ‘हा माझा मार्ग एकला’तला तो पोर पुढे ‘अशी ही बनवाबनवी’चा दिग्दर्शक झाला, हे खरंच. पण एकाला बालपणीची वाट मोठेपणीही आवडली, म्हणून इतरांना त्या वाटेवर कुणी ढकललं हे विचारायचंच नाही, असं थोडंच आहे?

खरा प्रश्न पैशाचा आहे, आणि आपण तो घरगुती बाब म्हणून टाळतो. ‘द किड’ (१९२१) मधल्या जॅकी कूगनने मोठेपणी आपल्या कमाईसाठी १९३८ मध्ये आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात कायदा झाला. आपल्याकडे बालकलाकारांसाठी कायदेशीर तरतूद व्हायला २०१७ उजाडलं. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि उत्पन्नाचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. उरलेल्या ऐंशी टक्क्यांबद्दल नियम मूग गिळून बसतो. काम मुलाचं, मग पाचातले चार हिस्से कुणाचे? आईबाप सगळे लुबाडणारे असतात असं मी म्हणत नाही. पण वीस टक्के ‘राखून ठेवा’ असं सांगावं लागतं, यातच बाकीच्यांचं काय होतं ते आलं. तेव्हा ‘हल्ली काय करतात?’ हे बालकलाकारांना विचारण्याआधी ‘तेव्हाचे पैसे कुठे गेले?’ हे मोठ्यांना विचारायला काय हरकत आहे?

आणि ज्यांची मोठेपणीची कामं कुणाच्या कौतुकात बसत नाहीत, त्यांचं काय? ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधल्या बेबी नाझच्या कामाची कान महोत्सवात खास दखल घेतली गेली होती. ऐंशीच्या दशकात याच नाझ यांनी श्रीदेवी यांच्या सुरुवातीच्या हिंदी चित्रपटांना आवाज दिला. चित्रपटगृहं भरभरून तो आवाज ऐकला गेला. तो कुणाचा, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं?