विश्लेषण : प्रत्यारोपित फुप्फुसाला करोनाचा धोका अधिक का?

हिंगोलीचे माजी खासदार आणि राज्यसभा सदस्य राजीव सातव यांचे १६ मे २०२१ रोजी पुण्यात उपचारादरम्यान निधन झाले. ते अवघ्या ४६ वर्षांचे होते. करोनातून ते सावरत असतानाच त्यांना सायटोमेगॅलो या विषाणूचा संसर्ग झाल्याचे निदान झाले होते. हे नाव तेव्हा जिल्ह्यात अनेकांनी पहिल्यांदाच ऐकले. सातव हे प्रत्यारोपणाचे रुग्ण नव्हते. मात्र फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्यांना ज्यांची कायम धास्ती असते, त्या विषाणूंत हे दोन्ही येतात.

हा धोका कशामुळे?

शरीर दुसऱ्याचे फुप्फुस परके मानते आणि त्यावर हल्ला करते. तो रोखण्यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, तीही बहुधा आयुष्यभर. त्यामुळे विषाणूशी लढणारी फौजही दुबळी होते. त्यात फुप्फुसाचा प्रत्येक श्वासागणिक बाहेरच्या हवेशी थेट संबंध येतो. मूत्रपिंड किंवा यकृताचे तसे नसते. म्हणूनच या रुग्णांत करोनाची तीव्रता आणि मृत्यूचे प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा जास्त दिसले. काहींच्या शरीरात विषाणू कित्येक आठवडे टिकून राहतो, तर काहींच्या फुप्फुसाची क्षमता बरे झाल्यावरही घटते.

सायटोमेगॅलो विषाणू कुठून येतो?

बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो आधीपासूनच सुप्त असतो आणि एरवी त्रास देत नाही. प्रतिकारशक्ती खालावली की तो डोके वर काढतो. दात्याच्या शरीरात तो असेल आणि रुग्णाला पूर्वी कधी झालेला नसेल, तर धोका सर्वाधिक. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर काही महिने त्यावर प्रतिबंधक औषध दिले जाते.

लस आणि औषधे किती उपयोगी?

लस घ्यायलाच हवी. पण दाबलेल्या प्रतिकारशक्तीमुळे प्रतिपिंडे कमी तयार होतात, म्हणून अशा रुग्णांसाठी अतिरिक्त मात्रेची शिफारस अनेक देशांत झाली. घरातील इतरांनी लस घेणेही तितकेच महत्त्वाचे. औषधांबाबत तर फारच सावध राहावे लागते. करोनावरील एका गोळीतील रिटोनाव्हिर हा घटक रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी धोकादायक वाढवतो आणि मूत्रपिंडावर आघात होऊ शकतो. उलट घाबरून सगळी औषधे बंद केली, तर शरीर नवे फुप्फुस नाकारू शकते. काय कमी करायचे आणि काय चालू ठेवायचे, हे प्रत्यारोपण केंद्रानेच ठरवायचे असते.

हिंगोलीसाठी याचा अर्थ काय?

करोनाने फुप्फुसे कायमची निकामी झालेल्या काही रुग्णांना २०२० पासून प्रत्यारोपणानेच जीवदान मिळाले. चेन्नईत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अशी शस्त्रक्रिया झाली. पण ही केंद्रे चेन्नई, हैदराबाद, मुंबई, पुणे अशा महानगरांतच आहेत. शस्त्रक्रिया एकदा होते, तपासण्या मात्र जन्मभर चालतात. सेनगाव किंवा औंढा नागनाथच्या रुग्णाला रात्री ताप चढला, तर त्याला आधी पाहणार तो गावातला किंवा तालुक्यातला डॉक्टर. त्याला या औषधांची माहिती नसेल, तर साध्या सर्दी-तापाची चिठ्ठीही जिवावर बेतू शकते.

२०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे प्रत्यारोपण व्हावे, ही अपेक्षा आज अवास्तव ठरेल. मात्र टॅक्रोलिमसच्या पातळीची तपासणी, प्रत्यारोपण केंद्राशी दूरध्वनीवरून तातडीचा सल्ला आणि तालुक्यातील डॉक्टरांचे प्रशिक्षण, एवढे तरी तिथून व्हायला हवे. रुग्णानेही औषधांची यादी आणि केंद्राचा क्रमांक कायम जवळ ठेवावा. ताप, खोकला किंवा धाप यांपैकी काहीही जाणवले, तर दोन दिवस वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे. महागडे फुप्फुस मिळवण्याइतकेच ते टिकवणेही आरोग्य व्यवस्थेचे काम आहे.