हुकूम सुटला, तामिलीचे काय?

शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ज्याचे काम हाती घेतले, त्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे अमुक तारखेस अमुक वाजता उघडावेत असे कोणी ठरवून ठेवलेले नाही. पाणी नियत पातळीस पोहोचले म्हणजे ते उघडतात, उतरले म्हणजे मिटतात, आणि एकेका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी भोगावतीत झेपावू लागले की पंचगंगेकाठची माणसे राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारू लागतात, कारण तेथे ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. प्रत्यक्ष स्थिती पाहून पाऊल उचलण्याची ही रीत ज्या कोल्हापूर जिल्ह्याच्या अंगवळणी पडली आहे, तेथील बँका, साखर कारखाने आणि सरकारी कचेऱ्या यांच्या संगणकांनी केवळ घड्याळावर विसंबावे, हे मला सर्वथा अनुचित वाटते.

कचेरी बंद झाल्यावर रात्री एक स्क्रिप्ट, म्हणजे हुकुमांची लिहून ठेवलेली यादी, दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करते आणि हुकूम सोडते: दिवसाच्या नोंदींचा बॅकअप घे, तो दुसऱ्या सर्व्हरवर पाठव, जुना पुसून टाक. हुकूम सुटला म्हणजे त्याची तामिली झाली असे नव्हे. पहिले काम चालू असतानाच स्क्रिप्टने संबंध तोडला, तर ते काम पुष्कळदा अर्ध्यावरच मरते. यावर उपाय म्हणून स्क्रिप्ट लिहिणारा मध्ये ‘स्लीप ६००’ अशी ओळ घालतो, म्हणजे दहा मिनिटे स्वस्थ बसावयाचे. एरवीच्या दिवशी काम सहा मिनिटांत उरकते, म्हणून दहा पुरेत हा त्यामागील हिशेब. परंतु ३१ मार्चच्या रात्री, अथवा गळीत हंगामात पंधरवड्याची ऊसबिले निघतात तेव्हा, त्याच कामास पंचवीस मिनिटे लागली, तर अपुरा बॅकअप पुढे रवाना होतो, जुना धडधाकट बॅकअप नष्ट होतो, आणि सकाळी अहवालात ‘काम पूर्ण’ असा शेरा उमटलेला असतो. ज्या शेतकऱ्याच्या बिलाची नोंद त्यात असते, त्याला याचा पत्ताही नसतो.

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेतील डॉन लिब्स यांनी १९९० साली ‘एक्स्पेक्ट’ नावाचे साधन प्रसिद्ध केले, त्याचे तत्त्व हेच: समोरून अपेक्षित उत्तर आले की मगच पुढील हुकूम पाठवावयाचा. मात्र त्याची वाट पाहण्याची मूळ मुदत अवघी दहा सेकंदांची आहे, आणि मुदत टळल्यावर काय करावे हे लिहिले नसेल तर ते निमूटपणे पुढील ओळीकडे वळते. म्हणजे साधन उत्तम असूनही वापरणाऱ्याची हयगय त्याला पूर्वीच्याच जागी आणून सोडते. सर्व्हर पुढील हुकुमास तयार असल्याचे दाखवणारे नुसते डॉलरचे चिन्ह दिसले म्हणून काम संपले असे मानणेही धोक्याचे, कारण ते चिन्ह कामाच्या मजकुरातही येऊ शकते. याहून सरळ मार्ग दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करणाऱ्या एसएसएच या साधनाचा: हुकूम लॉगिनबरोबरच द्यावा, तो संपेपर्यंत एसएसएच थांबते आणि त्याचा निकाल आकड्यात परत आणते. शून्य म्हणजे काम यथास्थित पार पडले. २५५ म्हणजे बहुधा संबंधच जुळला नाही.

तेव्हा महापालिका असो, सहकारी बँक असो वा कारखाना असो, संगणकाच्या कामाची निविदा काढताना त्यांनी एक अट स्पष्ट शब्दांत घालावी, आणि ती पुरी झाल्याखेरीज बिल मंजूर करू नये: प्रत्येक हुकुमाचा निकाल तपासल्याविना पुढील हुकूम सुटता कामा नये. मुदतही हवीच, अन्यथा बिघडलेल्या सर्व्हरपुढे स्क्रिप्ट रात्रभर तिष्ठत राहील. परंतु मुदत संपताच तिने पुढे न जाता थांबावे, जबाबदार कर्मचाऱ्याच्या फोनवर निरोप धाडावा, आणि कालचा बॅकअप जागच्या जागी राहू द्यावा.