पट्टा शिवायचा की बदलायचा?

सायकलचा टायर फाटला की आपण कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. दुकानदार टायर उलटासुलटा करून बघतो. कधी आतून जुन्या टायरचा तुकडा बसवून म्हणतो, "चालेल अजून दोन महिने." कधी नुसती मान हलवतो, "बाबांना सांग, नवीनच घ्या." हे तो कशावरून ठरवतो बरं? आज हाच प्रश्न आपण अशा एका गाडीबद्दल विचारू, जिला मागे टायरच नसतो, आणि जी वाटेत बंद पडली तर आसपास दुकान सोडाच, माणूसही भेटत नाही.

ही गाडी म्हणजे स्नोमोबाइल. गुलमर्गला हिवाळ्यात जाऊन आलेल्यांनी ती पाहिली असेल. पुढे दोन स्की, मध्ये मोटारसायकलसारखी सीट आणि खाली गरगर फिरणारा रुंद रबरी पट्टा. आपल्याकडे ती सहलीची गंमत. पण उत्तर कॅनडात, अलास्कात कितीतरी गावं अशी आहेत, की त्यांना बाहेर जाणारा रस्ताच नाही. शिकारीला जायचं, सरपण आणायचं, शेजारच्या गावी जायचं, तर हिच्यावरूनच. स्कँडिनेव्हियातले सामी लोक रेनडिअरचे कळप राखतात, तेही हिच्यावर बसून.

या पट्ट्यामागे एक दुःखाची गोष्ट आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकूर नावाचं गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मां बोंबार्दिये नावाचे एक मेकॅनिक राहत. बर्फावर चालणारी गाडी करायचा नाद त्यांना लहानपणापासून होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गडप झालेले, इस्पितळ लांबच्या शहरात आणि यांची गाडी अजून तयार नव्हती. मुलगा वाचला नाही. त्यानंतर बोंबार्दिये यांनी रबर चढवलेलं दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा पट्टा अशी जोडी तयार केली. १९३७ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. पहिल्या गाड्या मोठ्या होत्या. पुढे त्यांच्या एका मुलाने जोड नसलेला एकसंध पट्टा बनवला आणि १९५९ मध्ये एकदोघांना बसता येईल अशी 'स्की-डू' बाजारात आली. १९६८ मध्ये तर राल्फ प्लेस्टेड यांची तुकडी अशाच गाड्यांवरून थेट उत्तर ध्रुवावर पोहोचली!

आता पट्ट्याकडे वळू. दिसतो नुसता रबराचा, पण त्याच्या पोटात बरंच काही दडलेलं असतं. रबरात चिवट धाग्यांचं कापड असतं, म्हणजे पट्टा ताणला तरी लांबत नाही. आडव्या बसवलेल्या असतात फायबरग्लासच्या काड्या, छत्रीला असतात ना, तशाच समजा. बाहेरच्या बाजूला बर्फ मागे ढकलणारे रबरी उंचवटे आणि आतल्या बाजूला इंजिनाच्या चाकाने धरायचे रबरी दात. मध्येमध्ये चौकोनी खिडक्या, आणि खिडक्यांच्या कडांना पोलादी क्लिपा. या क्लिपा प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्यांवरून घसरत जातात. त्या घसरणीला वंगण कशाचं, सांगा पाहू? खालून उडणाऱ्या बर्फाचंच! म्हणून ही गाडी डांबरी रस्त्यावर किंवा कोरड्या जमिनीवर हाकली, की प्लॅस्टिक तापून वितळायला लागतं.

जरा गणित करू. एका नेहमीच्या पट्ट्याचा घेर १२१ इंच, म्हणजे तीन मीटरहून थोडा जास्त. गाडी ताशी १०० किलोमीटरने पळाली, तर पट्टा सेकंदाला नऊ वेळा पूर्ण फिरतो. त्याचा प्रत्येक भाग सेकंदाला नऊदा चाकांवरून वाकतो आणि सरळ होतो, तोही कडाक्याच्या थंडीत. सायकलच्या ट्यूबसारखं रबरी ठिगळ सोल्यूशनने चिकटवलं, तर ते किती वेळ टिकेल?

तपासायची रीत अशी. इंजिन बंद करायचं, गाडीचा मागचा भाग घोडीवर उचलायचा आणि पट्टा हाताने हळूहळू फिरवत इंच न् इंच बघायचा. (उचललेल्या गाडीचं इंजिन चालू करावंच लागलं, तर तिच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही. सुटलेला खिळा किंवा रबराचा तुकडा गोळीसारखा येतो.) एखाददुसऱ्या उंचवट्याचा कोपरा उडालेला दिसला, तर काळजी नको. लोंबणारं रबर धारदार सुरीने कापून टाकायचं, बस्स. क्लिप गळाली असेल, तर नवीन क्लिप हत्याराने दाबून बसवता येते. बर्फात पकड यावी म्हणून काही जण पट्ट्याला खिळे मारतात. त्यातला एखादा उपटून निघाला आणि नुसतं भोक राहिलं, तर दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या चकत्या लावून ते बोल्टने आवळता येतं. छोटी चीरही अशीच शिवतात.

पण खरी परीक्षा आतल्या काड्यांची. पट्टा दोन्ही हातांनी आडवा वाकवून बघायचा. काडी शाबूत असेल, तर तो टणकन परत सरळ होतो. मोडली असेल, तर तिथे बिजागरीसारखा दुमडतो. छत्रीचं कापड फाटलं तर टाका घालता येतो, काड्याच मोडल्या तर वाऱ्यात ती उलटी होणार! इथे तर मोडक्या काडीचं टोक रबर फोडून बाहेर येतं आणि फिरता फिरता शेजारचंही फाडतं. एका खिडकीपासून दुसरीपर्यंत गेलेली चीर, कडेने उघडे पडलेले धागे, तुटलेले आतले दात ही सगळी त्याच जातीची दुखणी. दात तुटले की चाक पट्ट्यावरून खटखट उड्या मारतं आणि उरलेले दातही तोडतं. अशा पट्ट्याला ठिगळ लावणं म्हणजे पैसे वाचवणं नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुम्ही म्हणाल, एकच काडी मोडली असेल तर? हा अवघड प्रश्न. नवा पट्टा काही शे डॉलरला पडतो, आणि जुन्या गाडीची किंमतच कधी कधी तेवढी नसते. अशा वेळी अनुभवी माणसं आणखी एक गोष्ट विचारात घेतात: जायचं कुठे? घरामागच्या शेतातून लाकडं ओढायची असतील, तर तोच पट्टा एखादा हिवाळा काढेल. पण गोठलेल्या सरोवरापलीकडे तीस किलोमीटर जायचं असेल तर नाही. गाडी ते अंतर अर्ध्या-पाऊण तासात कापते. भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत रुतत तेवढं चालत यायचं, तर दिवस पुरत नाही, आणि तिथला हिवाळ्यातला दिवस असतोही केवढासा! म्हणजे तोच पट्टा, तीच मोडकी काडी, पण उत्तरं दोन.

बदलायचं ठरलं, तर नुसती लांबी-रुंदी जुळून भागत नाही. दोन खिडक्यांमधलं अंतरही चाकाच्या दातांशी जुळायला हवं. जुन्या गाड्यांत ते बहुधा २.५२ इंच असे, नंतरच्या अनेक गाड्यांत ते जास्त आहे. बसवल्यावर ताणही नेमका लागतो. सैल राहिला तर पट्टा दातांवरून सरकतो, फार आवळला तर चाकं आणि घसरपट्ट्या झिजतात. एका बाजूला ओढला गेला, तर कड खरवडून निघते. म्हणून नवा पट्टा चढवण्याआधी जुना नेमका कुठे झिजला ते बघायचं, नाहीतर नव्याचंही तेच व्हायचं.

आणि उतरवलेल्या पट्ट्याचं काय? तो कापून गाडीच्या खोपटात जमिनीवर अंथरतात. उंचवटे वर ठेवले, की बर्फाने भरलेले बूट घालून आत आलं तरी पाय घसरत नाही.