मोठा पोळा आखडला, तान्हा पोळा वाढला

यवतमाळ - श्रावण अमावास्येच्या दुपारी आखरावर आंब्याच्या पानांचे तोरण बांधायचे, त्याखाली गावातील बैलजोड्या रांगेत उभ्या करायच्या आणि झडत्यांच्या फैरी संपल्या की पोळा फोडायचा, हा यवतमाळ जिल्ह्यातील क्रम अद्याप मोडलेला नाही. मात्र, तोरणाखालची रांग आखूड होत चालली आहे. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात लाकडी नंदी ओढत येणाऱ्या मुलांची गर्दी तेवढी वाढते आहे. आजोबांचा सण नातवापर्यंत पोहोचला. मधल्या पिढीच्या गोठ्यातून बैल गेला.

राज्यात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंशीय जनावरे होती; २०१९ मध्ये ती १ कोटी ४० लाखांवर आली. या आकड्यांत गायी-वासरेही आहेत. बैलांची घट मात्र शेतातच दिसते. नांगरणी, वखरणी ट्रॅक्टरकडे गेली. कपाशीच्या ओळींतून चालणारा डवरा बैलाकडे उरला होता; तणनाशकांनी तेही काम कमी केले. थोड्या आठवड्यांच्या डवरणीसाठी वर्षभर जोडी पोसणे कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही. त्यापेक्षा भाड्याची जोडी बरी, हा त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. मार्च २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्याने थकलेला बैल विकून नवा घेण्याचा जुना व्यवहारही अडला.

सणाचे शिक्षण या गोठ्यातच होत असे. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकायचे, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे, झूल, बाशिंग, घुंगरमाळा काढून ठेवायच्या, हे सारे मुलगा बापाशेजारी उभा राहून शिके. झडत्यांचेही तसेच. सावकार, कापसाचा भाव, पुढारी, कोणालाही न सोडणारी ही सवाल-जवाबाची लोकवाणी. शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर नाव झालेल्या या जिल्ह्यात पाटील, सरपंचांच्या तोंडावर चार खरे बोल सुनावण्याची मुभा शेतकऱ्याला त्या दिवशी मिळते. पण झडती तोंडपाठ असलेले म्हातारे थकले. रांगेत ज्याची जोडीच नाही, तो तरुण झडती टाकायला पुढे येईल कशाला? कोरोनाच्या निर्बंधांमुळे २०२० आणि २०२१ मध्ये सामूहिक पोळे थांबले, तेव्हा ही सवय आणखी सुटली.

तान्ह्या पोळ्याला नुसते प्रदर्शन म्हणून हिणवणे सोपे आहे. नंदी बाजारातून येतो, वेशभूषेला बक्षीस लागते, हे खरे. परंतु मोठ्या पोळ्याच्या तोरणाखाली सहसा पुरुषच असत. तान्ह्या पोळ्यात मुलीही नंदी सजवून येतात. शहरातील भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबालाही त्यात भाग घेता येतो. मुलांना त्यातून उत्सव मिळतो. बैलाच्या खांद्यावरचा घट्टा कसा असतो, हे मात्र लाकडाच्या नंदीवरून कळत नाही.

पोळा फुटल्यावर बैल दारोदार फिरवायचे, सुवासिनीने त्यांचे पाय धुऊन पुरणपोळी भरवायची आणि गड्याच्या हातावर बोजारा ठेवायचा, हा रिवाज आहे. पूर्वी प्रत्येक घर आधी आपल्याच जोडीची वाट पाहत असे. आता मातीच्या बैलांची पूजा आटोपून घरे शेजाऱ्याच्या जोडीची वाट पाहतात, आणि गावात उरलेल्या मोजक्या जोड्यांना दिवेलागणीनंतरही घराघरांतून बोलावणी येत राहतात.