क्लाउडवरची तिजोरी रिकामी निघाली तेव्हा...

डेटाबेसची प्रत रोज आपोआप क्लाउडवर जाण्याची व्यवस्था केली की जबाबदारी संपली, हा समज ‘गिटलॅब’ या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीला महागात पडला. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेसच पुसला. सुमारे ३०० जीबींपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले. ॲमेझॉनच्या ‘एस-थ्री’ साठवणीत प्रती शोधल्या, तर तेथे काहीच नव्हते!

डेटाबेस ‘पोस्टग्रेस’च्या ९.६ आवृत्तीवर चालत होता. प्रत काढणारे साधन मात्र ९.२ चे. त्यामुळे प्रत निघतच नव्हती. तशी सूचना देणारे ई-मेलही पडताळणीच्या नियमात न बसल्याने परत फिरत होते. हातून चूक होणे एकवेळ समजू शकते. धोक्याची घंटाच बंद असावी आणि ते कोणाच्या गावीही नसावे, हे अधिक गंभीर आहे.

चाचणीसाठी सहा तास आधी एकाने सहज काढून ठेवलेली प्रत अखेर कामी आली. हा निव्वळ योगायोग. तरीही सुमारे ५ हजार प्रकल्पांच्या, तितक्याच टिप्पण्यांच्या आणि ७०० नव्या खात्यांच्या नोंदी गेल्या. प्रती नियमितपणे तपासण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नव्हते, अशी कबुली कंपनीने नंतर आपल्या अहवालात दिली.